कादर पेंटरने दिलेली अक्षरं

कादर पेंटरचं नाव निघालं की आजही माझ्या पोटात दुखतं. माणूस जाऊन बरीच वर्षं झाली. घनसावंगीत त्याच्याविषयी सगळे चांगलंच बोलतात, आणि बोलण्यासारखं पुष्कळ होतंही. पण ते दुसऱ्या कुणी लिहावं. मी लिहिणार तर पोटदुखीसकट लिहिणार.

मीही पेंटर. म्हणजे दुकानांचे बोर्ड रंगवणारा. फरक एवढाच की मी औरंगाबादला राहून चित्रकलेचा डिप्लोमा केला होता, तो फ्रेम करून दुकानात टांगला होता, आणि तालुक्यात त्याकडे मान वर करून बघणारा एकच माणूस निघाला, तो म्हणजे कादर. त्याने तो नीट वाचला, खिशातून कंगवा काढला, फ्रेमच्या काचेत बघून भांग पाडला आणि म्हणाला, "काच चांगली हाय." त्या दिवसापासून मी त्याच्या तोंडी 'डिप्लोमा' झालो. "काय डिप्लोमा, बरं हाय ना?" असं तो भर बाजारात रस्त्याच्या त्या बाजूने ओरडायचा. माझं नाव सुधाकर आहे हे त्याला ठाऊक नसावं असंच मी धरून चाललो होतो.

पेंटर म्हटला की त्याच्या कपड्यांवर त्याचा सगळा धंदा वाचता येतो. माझ्या एकूण एक शर्टांवर ऑइल पेंटचे डाग होते, लग्नातल्यासुद्धा. कादरभाई पांढराशुभ्र झब्बा घालून शिडीवर चढायचा आणि तसाच पांढराशुभ्र खाली उतरायचा. हे मी वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून पाहिलं, कुठेतरी एक थेंब सापडेल म्हणून. कॉलर पाहिली, बाह्या पाहिल्या. नाही म्हणजे नाही.

आणि नखरे किती! चहा मलाई घातलेलाच लागायचा. दुकानाचा मालक स्वतः बाहेर येऊन उभा राहिल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. "भिंतीला चुना मारायला आलो काय?" म्हणायचा. "अक्षर काढून राह्यलो. मालक पाहिजेच." कामाचा वायदा कायम जुम्म्याचा, म्हणजे शुक्रवारचा. जुम्मा उलटून गेला आणि दुकानदार चिडून आला, की शांतपणे म्हणायचा, "जुम्मा बोल्लो, बराबर. कोणता जुम्मा ते कुठं बोल्लो?" दुकानदार हसून परत जायचा. मी वायद्याच्या दिवशी सकाळी बोर्ड पोचता करायचो, तर लोक म्हणायचे, "इतक्या जल्दी झालं? मंग वाळलं असंल का नीट?"

त्याची माझी पहिली चकमक उडाली ती माझ्या पहिल्या बोर्डाखाली. घनसावंगीच्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, तोंडाशी बन्सीशेठचं गुळाचं दुकान होतं. त्यांचा बोर्ड मी रंगवला, 'गूळ भांडार'. पट्टी लावून रेषा आखल्या, पेन्सिलने अक्षरं काढली, खोडली, पुन्हा काढली. जीव ओतला म्हणजे अगदी ओतला. बोर्ड चढवून मी खाली उभा होतो, तेवढ्यात शेजारी हा पांढरा झब्बा येऊन उभा राहिला. बराच वेळ वर बघत राहिला. लोक जमले. मग म्हणाला, "बाकीची अक्षरं हुबी हायेत, डिप्लोमा. बसली न्हाईत."

लोक हसले. आता, अक्षर 'बसणं' म्हणजे काय हे मला त्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. पण त्याने ते म्हटल्यावर मी वर पाहिलं आणि मला दिसलं, की खरंच, माझी अक्षरं एस.टी.त जागा न मिळाल्यासारखी उभी होती. हे मला दिसलं याचाच मला जास्त राग आला. पुढे बन्सीशेठ मला अधूनमधून सांगायचे, "बाजाराच्या दिवशी तुमचा कादर येतो बरं का, बोर्डाखाली हुबा ऱ्हातो, बघतो अन् निघून जातो." मी म्हणायचो, "चुका काढत असेल, दुसरं काय!"

कादरची एक रीत होती, आणि ती साऱ्या घनसावंगी तालुक्यात त्याची एकट्याची होती. त्याचं म्हणणं असं, की एका बोर्डात एकाच अक्षराने बोलावं, बाकीच्यांनी हुंकार द्यावा. त्यामुळे प्रत्येक बोर्डात तो एक अक्षर निवडायचा आणि त्याला असं काही वळण द्यायचा की माणूस चालता चालता थांबावा. तीर्थपुरीच्या सायकलच्या दुकानाचा 'य' घ्या, पायडल मारल्यासारखा पुढे वाकलेला. जांब समर्थला देवळाच्या वाटेवरच्या प्रसादाच्या दुकानाचा 'भ' घ्या, मांडी घालून बसलेला. बोर्ड पुरा झाला की कादर खाली उतरायचा, खिशातून कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा काढायचा, मालकाला तोंड उघडायला लावायचा आणि स्वतःच्या हाताने खडा त्याच्या तोंडात घालून म्हणायचा, "हे अक्षर आजपासून तुमचं. मी पुन्हा कुणाला देणार न्हाई."

आणि देत नसे. त्या वळणाचा तो 'य' त्याने पुन्हा कुठे काढला नाही. दुसऱ्या गावात 'य' आला तर दुसरा काढायचा, त्याला वेगळं वळण. मी या सगळ्याला नाटक म्हणायचो. लोकांना मात्र नाटकच आवडलं. दुकानदार आपल्या अक्षराकडे दारातल्या बैलाकडे बघावं तसे बघायचे.

एकदा एक कापडवाला त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, मेडिकलवाल्याचा 'क' मलाही दे. कादर म्हणाला, "तो दिल्ता. त्याच्याकडं जा, तो देतो का बघ." कापडवाला रागारागाने माझ्याकडे आला. मी खूश झालो. मी त्याला माझा स्वतःचा 'क' काढून दिला, चांगला गरगरीत. तो बोर्डाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ठीक हाय. पण त्याच्यासारखा न्हाई." मग पुन्हा कादरकडे गेला आणि जुम्म्याची वाट बघत बसला. मी तो बोर्ड पुसून परत पांढरा केला. त्या रात्री जेवण गेलं नाही, हे माझी बायको अजून सांगते.

याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे त्याने पाठवलेली गिऱ्हाइकं. वर्षातून काही वेळा कुणीतरी यायचं आणि दारातूनच सांगायचं, "कादरभाईनं पाठवलं. म्हणाला, हे काम डिप्लोमाकडं न्या." डाळ मिलवाला आला, केळीवाला आला, शाळेचे हेडमास्तर आले. जुवळे आडनावाचा एक खतवाला आला. मी कामं घेतली, कारण घरात खाणारी तोंडं होती. पण प्रत्येक वेळी मला वाटायचं, त्याच्या ताटातलं उरलेलं माझ्याकडे येतंय. मी बायकोला म्हणायचो, "दया करतोय माझ्यावर. साहेबांना जमत नाही वेळ, मग आमच्याकडे ढकलतात."

मला आयुष्यात फार मोठं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी दोघांची अक्षरं शेजारी ठेवून माझं उचलावं, एवढंच हवं होतं.

मग कॉम्प्युटर आले, आणि मला वाटलं, देव आहे. मी जालन्याला जाऊन डीटीपी शिकलो, तिथेच गाळा घेतला. बटण दाबलं की अक्षर. पुढे फ्लेक्स आले आणि रंगाचे बोर्ड भराभर उतरले. कादरकडे काम राहिलं नाही. तो जालन्याला आला की माझ्या गाळ्यात येऊन बसायचा, तोच पांढरा झब्बा. मी त्याला मुद्दाम फाँट दाखवायचो, एकाखाली एक, झरझर.

"ही अक्षरं कुणाची?" त्याने एकदा विचारलं.

"कुणाची म्हणजे? सीडीत येतात."

"काढली कुणी?"

"असेल कुणीतरी. बाजारात मिळतात, कादरभाई. सगळेच वापरतात."

"म्हंजे देताना कुणी तोंड गोड केलं न्हाई," तो म्हणाला, आणि मलाईचा चहा मागवला. पैसे अर्थातच मी दिले.

जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या पुष्कळ. त्यातल्या एका कंपनीने मला वेबसाइटचं काम दिलं. साइट मराठीत हवी होती, शेतकऱ्यांनी वाचावी म्हणून. तेव्हा मराठी साइट उघडली की निम्म्या लोकांना अक्षरांच्या जागी चौकोन दिसायचे, म्हणून साइटबरोबर फाँटही पाठवावा लागे. मी माझ्या सीडीतला एक घातला. कंपनीच्या वकिलांनी तो लगेच काढायला लावला. त्यांचं म्हणणं, फाँट हाही कुणाच्या तरी मालकीचा असतो. छापायला घेतलेला फाँट साइटवर टाकता येत नाही, त्याचं लायसन वेगळं घ्यावं लागतं, नाहीतर कंपनीवर दावा येतो. माझ्या सीडीला तर कसलंच लायसन नव्हतं.

कंपनीचे मालक मूळचे तीर्थपुरीचे. ते म्हणाले, "दुसऱ्याचा कशाला घ्यायचा? आपला स्वतःचा फाँट करून घेऊ. पुण्यात एक बाई करून देतात. अक्षरं मात्र आपल्या मातीतली पाहिजेत." आणि माझ्याकडे बघून हसले.

घरी मी संबंध वर्णमाला काढून ठेवली होती आणि ती पिशवीत घेऊन हिंडत होतो, कुणी विचारेल म्हणून. ती पिशवीतून काढायला मी हात घातला, तोच ते म्हणाले, "आमच्या वडिलांच्या दुकानाला कादर पेंटरचा बोर्ड होता. तुमच्या घनसावंगीचाच ना तो? त्याच्या अक्षरांचा करा. तुम्ही जाऊन त्याची परवानगी तेवढी आणा."

पिशवीतला हात मी तसाच बाहेर काढला. बस घनसावंगीला पोचेपर्यंत मी खिडकीबाहेर काय बघितलं, मला सांगता येणार नाही.

कादर ओट्यावर बसला होता. मी त्याला लायसन म्हणजे काय ते समजावलं. अक्षर तुमचंच राहणार, कंपनीला फक्त साइटवर वापरायची मुभा, दुसरीकडे कुठे वापरलं तर पुन्हा विचारावं लागणार. तो मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "रीत चांगली हाय. पण मी सही कशी करू? अक्षरं माझ्याजवळ कुठं हायेत? सगळी दिल्ती."

"अहो कादरभाई, काढली तुम्हीच ना?"

"काढली मी. दिली बी मीच. आता ज्याची त्याला इचारावं लागंल."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण दुसऱ्या दिवशी पांढरा झब्बा माझ्या मोटारसायकलवर मागे बसला, खिशात गुळाची पुडी, आणि आम्ही गावोगाव अक्षरं मागत हिंडलो. जांब समर्थच्या प्रसादवाल्याने विचारलं, "त्या साइटवर माझं दुकान दिसंल का?"

"दुकान न्हाई दिसणार. भ दिसंल," कादर म्हणाला.

"साऱ्या दुनियेला?"

"बिलकुल."

"मंग न्या की!" तो म्हणाला, आणि आम्हाला दोघांनाही प्रसाद दिला.

तीर्थपुरीला सायकलवाला वारला होता, दुकान त्याची बायको बघत होती. ती म्हणाली, "न्या भाऊ, पण उन्हानं पार उडालाय तो. आधी त्याला रंग द्या, मंग फोटो काढा. असा गबाळा नगं जायला." कादर शिडीवर चढला. त्या वयात, त्या झब्ब्यात. मी शिडी धरून खाली उभा होतो आणि वर बघत होतो, आता तरी एक थेंब पडेल म्हणून. पडला नाही. 'य' पुन्हा पायडल मारायला लागला. मी फोटो काढला.

एका सलूनवाल्याने मात्र त्याचा 'स' द्यायला साफ नकार दिला. म्हणाला, "माझं अक्षर कंपनीला? न्हाई." मी त्याच्याशी वाद घालायला लागलो, तर कादरनेच मला दंडाला धरून बाहेर आणलं. "त्याचं हाय. न्हाई म्हणू शकतो." आणि माझ्या गाळ्यात आल्यावर त्याने कंपनीसाठी नवा 'स' काढला, बसल्या बसल्या, चहा गार व्हायच्या आत. तो जुन्यापेक्षा सरस होता. मला तो फाडून टाकावासा वाटला.

सगळे फोटो मी टेबलावर मांडले. अ पासून ज्ञ पर्यंत ओळीने लावले. एक जागा रिकामी राहिली.

"ळ राहिला, कादरभाई," मी म्हणालो. "काढून टाका, 'स' काढला तसा."

त्याने कंगवा काढला, भांग पाडला, कंगवा परत ठेवला. "ळ माझ्याजवळ न्हाई."

"मग नवा काढा की."

"नवा न्हाई, जुना न्हाई. मला ळ येतच न्हाई, सुधाकर."

मी चमकलो. एक तर त्याने माझं नाव घेतलं होतं.

"आमच्या घरात ळ न्हाई," तो म्हणाला. "आम्ही घरी उर्दू बोलणार. शाळेत मास्तर 'फळा' म्हण म्हणायचे, मी 'फला' म्हणायचो. पोरं हसायची. जिभेनं शिकलो कसाबसा, हातानं न्हाई शिकलो. मंग तू आला, अन् बन्सीशेठचा बोर्ड काढला. त्या ळ ला बघितलं, अन् म्हटलं, जाऊ दे. हा आता याचा हाय. आपुन त्याच्या वाटंला जायचं न्हाई."

माझ्या डोळ्यांपुढून गिऱ्हाइकं चालली होती. डाळ मिलवाला. केळीवाला. शाळेचे हेडमास्तर. जुवळे खतवाला. कादरभाईनं पाठवलं, कादरभाईनं पाठवलं. आणि त्या पहिल्या दिवशी बोर्डाखाली तो काय म्हणाला होता? बाकीची अक्षरं उभी आहेत, म्हणाला होता. त्यातलं 'बाकीची' मी ऐकूनही घेतलं नव्हतं.

"तुम्ही दया करताय असं वाटायचं मला," मी म्हणालो.

"दया?" तो एकदम तापला. "दया कशाची? जळायचो मी तुझ्यावर! दर बाजारी जाऊन हुबा ऱ्हायचो, आज तरी कळंल म्हणून. दोन गाठी हायेत, तशाच मी बी काढायचो, पण मेल्या त्या बसायच्याच न्हाईत."

मग त्याने खिशातली पुडी काढली. गुळाचा खडा माझ्या तळहातावर ठेवला, कारण आता देणारा मी होतो आणि घेणारा तो. "देतो का?" म्हणाला, आणि तोंड उघडून उभा राहिला. पांढरा झब्बा, पाडलेला भांग, आणि आ केलेलं तोंड, दात पडलेलं. साऱ्या तालुक्याला ज्याने असं उभं केलं तो माझ्यापुढे उभा होता.

मी त्याला जरा वेळ तसाच उभा ठेवला. खोटं कशाला बोलू? आयुष्यभराची वाट होती ती, लगेच संपवावीशी वाटेना. मग खडा त्याच्या तोंडात घातला आणि म्हणालो, "हे अक्षर आजपासून तुमचं."

"माझं न्हाई," तो खडा गालात धरून म्हणाला. "कंपनीचं. तेबी साइटपुरतं. कागदावर तुझं नाव येगळं लिही. लायसन बराबर पाहिजे."

कागदावर त्याचं नाव वर आलं, माझं खाली. फाँटला नाव पडलं 'कादर'. पडणारच. साइट सुरू झाली तेव्हा मालकांनी मला बोलावून पाठ थोपटली आणि म्हणाले, "काय अक्षर आहे तुमच्या माणसाचं!" मी हो म्हणालो. पोटात दुखायचं ते दुखलंच. माझं एक अक्षर आणि बाकीची सगळी त्याची, हा हिशेब कुणाला सांगणार? साइटवर ते अक्षर तसं कमीच येतं. कपाशीच्या पानावर 'बोंडअळी'त येतं, खाली 'पिकांची काळजी'त येतं. मी साइट उघडली की आधी त्या अळीकडे जातो.

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. मी त्याला शेवटचं पाहिलं ते घनसावंगीलाच. बाजाराचा दिवस होता. मी जालन्याला निघालो होतो, मोंढ्याच्या तोंडाशी जीपमध्ये खिडकीशी बसलो होतो. बन्सीशेठचा बोर्ड तिथे अजून होता. ते फ्लेक्स लावायला तयारच नव्हते. कादर त्याच्याखाली उभा होता. मान वर, आणि उजव्या हाताचं बोट हवेत. हवेतच त्याने पहिली गाठ वळवली, दुसरीला आला, आणि अडकला. तळहाताने त्याने हवा पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. येणारेजाणारे त्याला वळसा घालून जात होते. मी हाक मारली नाही.

जीप भरली. ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "निघू का मालक?"

"थांब की जरा," मी म्हणालो. "एवढी काय घाई हाय?"